कावळा शिवलेला उमेदवार

कोणी गेल्याचं कळलं की मधुकर टाकवेकर आधी वय विचारत. मग 'पश्चात कोण?' आणि मग, जरा थांबून, 'फोटो आहे का?' माझे थोरले भाऊ आबा गेले त्या सकाळी मी टाकवेकरांना कळवलं नव्हतं. त्यांचाच फोन आला आणि प्रश्नही याच क्रमाने आले. मी वय सांगितलं, पश्चात कोण ते सांगितलं. फोटोपाशी ते स्वतःच म्हणाले, "राहू द्या, आबांचे फोटो माझ्याकडे भरपूर आहेत." ते खरं होतं. आमच्या घरात आबांचे जेवढे फोटो आहेत त्याहून जास्त टाकवेकरांकडे होते, आणि त्यांपैकी एकाही फोटोत आबा हसत नाहीत.

आबांना जाऊन वर्ष उलटलं. त्यांच्यावर चार पानं लिहावीत म्हणून मी कितीदा तरी बसलो. दरवेळी दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात टाकवेकर येतात आणि आबांना बाजूला सारून उभे राहतात. हयातीतही ते असंच करत. म्हणून आधी त्यांच्यावरच लिहून टाकावं, मग आबांसाठी जागा मोकळी होईल, असं मी ठरवलं आहे.

लोणावळ्यातल्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. टाकवेकर एका दैनिकाचे तालुका वार्ताहर. अनेक खिशांचं बिनबाह्यांचं जाकीट, कपाळावर सरकवलेला गॉगल आणि चालताना जरा पुढे झुकलेली मान. सकाळी वाचनालय उघडलं की ते येत, आपली बातमी ज्या पानावर असेल ते पान वर येईल अशी घडी घालून वर्तमानपत्र टेबलावर ठेवत आणि निघून जात. मी ती घडी उलगडून पान सरळ करी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. याविषयी आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही.

बाजारातल्या एका चिक्कीच्या दुकानाबाहेर त्यांची बैठक असे. तिथे लोक त्यांना गाठत. कोणाच्या वस्तीवर पाणी येत नसे, कोणाच्या वाडीला रस्ता नसे, कोणाच्या मुलाने कुस्ती मारलेली असे. टाकवेकर सगळ्यांना एकच उत्तर देत, "छापून येईल." तक्रार घेऊन आलेल्याला ते आश्वासन वाटे आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार असे त्याला धमकी. ते तीन-तीन अक्षरी दोन शब्द त्यांनी इतक्या वेळा उच्चारले होते की त्यांना स्वतःलाच त्यात काही काम केल्याचं समाधान मिळू लागलं होतं.

त्यांची आणखी एक पद्धत होती. संध्याकाळच्या सभेची बातमी ते दुपारीच पाठवून देत. पानं लवकर लागतात, असं कारण सांगत. एकदा एका गावातली सभा वक्त्याची गाडी घाटात बंद पडल्याने झालीच नाही. सकाळी 'सभेला उदंड प्रतिसाद' अशी बातमी होती. मी वाचनालयात तसं बोललो तर ते म्हणाले, "झाली असती तर मिळालाच असता ना?" ते चिडले नव्हते. त्यांना माझी शंका खरोखरच कळली नव्हती.

आबांची आणि त्यांची गाठ धरणामुळे पडली. आमचं शेत धरणात गेलं तेव्हा आबा विशीत होते. काठावर घराला जागा मिळाली, पण शेताच्या बदल्यात मिळायचं शेत काही मिळालं नाही. आबा त्यासाठी कचेरीत जात राहिले. साहेब बदलत, आबा तेच. तरी त्यांना दुःखी माणूस म्हणणं चूक होईल. गावात त्यांच्याइतका खोडकर म्हातारा नव्हता. कचेरीतून आले की तिथल्या शिपायाच्या चालण्याची नक्कल करत, जाळं टाकून मासे धरत आणि माझ्या पुस्तकांचा ढीग बघून म्हणत, "एवढं वाचून बी तुला पोहाया येत न्हाई."

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की आमच्या शेताचे बांध वर येत. ते दिसले की टाकवेकर फोटोसाठी येत. दरसालची बातमी ठरलेली होती आणि तीत आबांची जागाही. त्यांना काठावरच्या दगडावर बसवायचं, हात कपाळाशी धरायला लावायचा आणि पाण्याकडे बघायला सांगायचं. "आबा, हसू नका." आबांना नेमकं तेव्हाच हसू येई.

एका वर्षी आबांचा मुलगा बाळू, जो मळवलीला बंगल्यांची देखभाल करतो, त्याला मुलगी झाली होती. आबा नवा कोरा शर्ट घालून पेढे वाटत फिरत होते. टाकवेकर आले, पेढा खाल्ला आणि म्हणाले, "आबा, शर्ट नको हा. बातमीला शोभत नाही." आबांनी शर्ट काढून माझ्या हातात दिला. आत विरलेला बनियन होता. दगडावर बसता बसता ते म्हणाले, "शेत लय मोठं व्हतं, मदूभाऊ. बनियन बी काढू का?"

टाकवेकरांनी कॅमेरा खाली घेतला आणि क्षणभर विचार केला. मग म्हणाले, "नको. तेवढं नको."

घरी आल्यावर मी आबांना विचारलं, हे तुम्ही का चालवून घेता? ते म्हणाले, छापून आलं की सायेब वाचतो. साहेबाने काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. टाकवेकरांच्या दिवाणखान्यात मात्र त्या फोटोंपैकी एक मोठा करून लावला होता. त्याला कुठलासा पुरस्कार मिळाला होता.

वर्तमानपत्राने तालुक्याची कचेरी बंद केली आणि टाकवेकर घरी बसले. तरी त्यांचा फोन वाजतच राहिला. लोकांना जुनी सवय होती. पाणी आलं नाही की फोन, बस चुकली की फोन. यातूनच ती चूक झाली. मला वाटतं, ती फक्त वार्ताहराकडूनच होऊ शकते. ज्यांना आपल्याकडून काही छापून हवं आहे त्या सगळ्यांना ते आपली माणसं समजले. "माझ्या फोनमध्ये अख्खा मतदारसंघ आहे," ते चिक्कीच्या दुकानाबाहेर म्हणाले, आणि लोकसभेला अपक्ष उभे राहिले. मतदारसंघ घाट उतरून पार समुद्राला लागतो. तिकडे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. पण तिकडच्या दौऱ्यांच्या बातम्याही ते दुपारीच लिहून ठेवत, आणि बहुधा संध्याकाळी स्वतः वाचून त्यांवर विश्वास ठेवत.

चिन्ह त्यांनी पेन मागितलं होतं, मिळाली कढई. दुकानदार म्हणाला, "साहेब, कढई मिळाली, आता तेल कोण घालणार?" टाकवेकरांनी त्याला सांगितलं, दिल्लीला गेल्यावर तुझ्या चिक्कीचा प्रश्न मांडतो. चिक्कीचा काय प्रश्न आहे हे दुकानदाराला शेवटपर्यंत कळलं नाही.

प्रचार रंगात आला असताना आबा गेले. झोपेतच गेले.

आमच्या भागात दहाव्याला नदीच्या घाटावर सगळं गाव जमतं. प्रवचन होतं, ध्वनिक्षेपक असतो आणि त्यावरून श्रद्धांजलीची भाषणं होतात. निवडणुकीच्या दिवसांत पुढारी एका सकाळी दोन-तीन घाट करतात. पांढरे कपडे, हात जोडलेले, गाडी सुरूच. आबांच्या दहाव्याला सगळ्या पक्षांची माणसं येऊन बोलून गेली. त्यांना आबांचं नाव कागदावर लिहून दिलं होतं. टाकवेकरांना कागद लागला नाही. ते सगळ्यांत जास्त वेळ बोलले आणि त्यात ते स्वतः किती वर्षं लिहीत आहेत याचाच भाग मोठा होता.

मग पिंड ठेवले. कावळे समोरच्या करंजावर बसले होते, पण एकही खाली येईना. आमच्याकडे अशा वेळी घरचे पुढे होतात आणि गेलेल्याला त्याच्या मनात राहिलं असेल त्याचा शब्द देतात. बाळू पुढे झाला आणि आईला सांभाळीन म्हणाला. मी म्हणालो, कचेरीचं मी बघेन. सुनेनेही काही सांगितलं. कावळे मान वाकडी करून बघत होते. ऊन चढू लागलं. बायकांच्या घोळक्यात वहिनी, म्हणजे आबांची बायको, एकटक झाडाकडे बघत बसली होती.

तेवढ्यात टाकवेकर पुढे आले. ध्वनिक्षेपक अजून त्यांच्याच हातात होता. ते म्हणाले, "आबा, मी मधू टाकवेकर. तुमच्या बदली जमिनीचा सातबारा मी स्वतः आणून वहिनींच्या हातात ठेवीन. हा माझा शब्द आहे. तुम्ही निवांत जा."

ते मागे सरले, ध्वनिक्षेपक बंद केला, आणि एक कावळा उतरून पिंडाला शिवला.

मी पुस्तकातला माणूस आहे. कर्ण्याची खरखर थांबली म्हणून तो उतरला असेल, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण घाटावर जो हुंकार उठला त्यात माझ्या वाटण्याला जागा नव्हती. वहिनीने जमिनीला डोकं टेकलं. पोटचा मुलगा बोलला, पाठचा भाऊ बोलला, तेव्हा तिचा नवरा आला नव्हता. तो टाकवेकरांच्या शब्दावर आला.

दुसऱ्या दिवसापासून ही गोष्ट त्यांच्या प्रत्येक भाषणात आली. शिरगावात, कामशेतात, घाटाखाली. दहाव्याला कोणीतरी फोनवर चित्रण केलं होतं, तेही फिरू लागलं. शेवटी ते हात उंचावून म्हणत, "मेलेल्या माणसाने माझ्यावर विश्वास टाकला. तुम्ही तर जिवंत आहात." आबा गेले याचं दुःख मला होतंच. पण ते असे गावोगाव नेले जात होते, याने मला झोप येईना.

कान्हे गावातल्या सभेसाठी ते वहिनीला न्यायला आले. बाळू म्हणाला, अजून महिना झाला नाही, आई कुठे जाणार नाही. वहिनीने पदर सावरला आणि चपला घातल्या. "तुज्या बापानं ज्याचं ऐकलं त्याच्या सभंला मी न्हाई जायाचं?"

मी बरोबर गेलो. व्यासपीठावर तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत, अगदी पुढे बसवलं होतं. तिच्या मागे कढईचं मोठं चित्र. टाकवेकर कावळ्यापर्यंत आले तसा मागून एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "मदूभाऊ, कावळ्याचं नाव यादीत हाय का?" सगळा मांडव हसला. टाकवेकरही हसले, त्यांना लोक हसल्याचं बरंच वाटलं. वहिनीला लोक का हसतात ते कळेना. तिने एकदा स्वतःच्या लुगड्याकडे पाहिलं, काही विस्कटलं आहे का म्हणून.

टाकवेकर पडले. 'यांपैकी कोणीही नाही' या बटणालाही त्यांच्याहून जास्त मतं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाचनालयात आले. मी निवृत्त झालो असलो तरी सकाळी जाऊन बसतोच. त्यांनी एकेक वर्तमानपत्र शेवटपर्यंत चाळलं. त्यांचं नाव कुठेच नव्हतं, 'इतर' असं होतं. जाताना मला म्हणाले, "लोकांना वाचायची सवयच राहिली नाही."

माझ्या दृष्टीने विषय संपला होता. वहिनीच्या दृष्टीने तो सुरू झाला नव्हता. ती बाळूला विचारू लागली, मधूभाऊ कागद कधी आणणार? बाळूने सांगितलं, आई, तो पडला. ती म्हणाली, पडला तर पडला, दहाव्याला निवडणुकीचं काय बोलला होता का तो? मी घाटावर होतो. ते 'निवडून आलो तर' असं म्हणाले नव्हते.

हळूहळू कळलं की तिला जमिनीची ओढ नव्हती. तिला आबांची काळजी होती. ते शब्द घेऊन गेले, आणि शब्द पुरा होईना तर ते अर्ध्या वाटेवर कुठेतरी थांबून राहिले असतील, असं तिच्या मनाने घेतलं होतं. ती रात्रीची भाकरी एक जास्त करून ठेवी. दार उशिरा लावी.

पावसाळ्यात तिने मला सांगितलं, "भावजी, मला त्यांच्याकडं न्या." मी नेलं. टाकवेकरांनी चांगलं स्वागत केलं, चहा सांगितला. वहिनी आबांच्या त्या मोठ्या केलेल्या फोटोखालीच बसली. तिने वर पाहिलं आणि मान खाली घातली. मग सातबाऱ्याचं विचारलं.

"वहिनी, मी आता कोण आहे? साधा माणूस. सरकारदरबारी कोण ऐकतं माझं?"

"मंग शबुद का दिला?"

"तो प्रसंगच तसा होता. कावळा येत नव्हता. तिथे काहीतरी बोलावंच लागतं."

"आमी बी बोलत व्हतो की," वहिनी म्हणाली. "आमच्या बोलण्याला त्ये न्हाई आले. तुमच्या बोलण्यावर गेले. आता त्यांला कुटं गाठू मी? कोण सांगंल त्यांला?"

टाकवेकरांचा चेहरा बदलला, आणि मला वाटलं, या माणसाला आज काहीतरी लागलं. ते उठले. त्यांनी खिडकीचा पडदा सरकवला, वहिनीची खुर्ची जरा उजेडाकडे वळवली आणि खिशातून फोन काढून तिच्यासमोर धरला.

"हे आत्ता बोललात ना, ते पुन्हा एकदा बोला. सावकाश. माझ्याकडे बघू नका, तिकडे बघा."

मी वहिनीला म्हणालो, चल. ती उठली नाही. तिला वाटलं, कागद आणायचं काम असंच सुरू होत असेल. तिने घसा साफ केला आणि सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा नीट, एकही शब्द न गाळता. टाकवेकरांच्या फोनवरून ते पुष्कळ ठिकाणी गेलं. लोकांनी खाली हात जोडल्याची चित्रं टाकली. पुढे काही झालं नाही.

कचेरीत आता बाळू जातो, कधी मी जातो. तिथे काय होतं ते आबांवर लिहीन तेव्हा सांगेन.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा वहिनीने बाळूकरवी टाकवेकरांना निरोप धाडला. शेत नको, कागद नको. फक्त त्या दिवशी या आणि जमत नाही असं त्यांना तुमच्या तोंडाने सांगा. ज्याने शब्द दिला त्यानेच तो परत घेतला पाहिजे, म्हणजे ते वाट बघायचं सोडतील. एवढाच निरोप होता.

मला वाटलं, येणार नाहीत. पण जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची बोलणी सुरू झाली होती. ते आले, धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत आले. अंगणात पाऊल टाकताच त्यांनी मांडव शोधला, माणसं शोधली. मांडव नव्हता. वहिनी, बाळू, सून, नात आणि मी. स्वयंपाक झाला होता. गोठ्याच्या पत्र्यावर कावळ्याचा घास मांडून ठेवला होता.

वहिनीने त्यांना गोठ्यापाशी नेलं. "बोला."

टाकवेकरांनी हात जोडले, डोळे मिटले. "आबा, मी मधू टाकवेकर. प्रशासनाकडे माझा पाठपुरावा चालू आहे..."

"तसं न्हाई," वहिनी म्हणाली. "जमत न्हाई म्हणा."

ते थांबले. मग पुन्हा म्हणाले, "आबा, परिस्थिती अनुकूल नसतानाही..."

"मदूभाऊ, दोनच शबुद हायेत."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ हलले. आयुष्यभर बोलून आणि लिहून पोट भरलेला माणूस, पण ते दोन शब्द त्याच्या तोंडातून निघेनात. त्याच्यापुढे गर्दी नव्हती, कॅमेरा नव्हता, तरीसुद्धा निघेनात. इतकं असूनही मला त्यांची कीव आली नाही. मी वहिनीकडे बघितलं. ती घामाने निथळत होती. वर्षभर ती या एका क्षणासाठी थांबली होती आणि तो तिच्यासमोर वाया चालला होता.

मग ती स्वतःच पुढे झाली. पत्र्याकडे तोंड करून, घरातल्या घरात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "अवो, ह्यो मदू हितं उभा हाय. ह्याला जमत न्हाई. ह्याच्यावर इसंबून ऱ्हाऊ नगा. तुमी जावा पुढं."

कावळे दरसालच्या पितृपक्षामुळे सवयीचे होते. एक उतरला, मागोमाग दोन. वड्यावरून त्यांची भांडणं लागली आणि भात पत्र्यावर विखुरला. वहिनीने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. ती वळली तेव्हा तिचे डोळे ओले होते. कपाळावरची आठी मात्र गेली होती. आठी वर्षभर तिथे होती हे मला ती पुसली गेल्यावर कळलं.

टाकवेकर पत्र्याकडे बघत होते. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "म्हणजे वहिनी, मी आता मोकळा ना?"

वहिनी ताटं घ्यायला निघाली होती. तिला त्यांचा प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. "व्हय," ती म्हणाली. "जावा."

जेवायला थांबा, असं तिने म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही. ते बांधावरून रस्त्याकडे निघाले. ऊन रणरणत होतं, धरणाचं पाणी उतरलं होतं आणि आमच्या शेताचे बांध वर आले होते. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. मान नेहमीसारखी पुढे झुकलेली नव्हती. इतक्या हलक्या पावलांनी चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.